मूस, मोटार आणि ८३ मीटर

अशी कल्पना करा की, तुम्ही कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर मोटारीतून चालला आहात. जूनमधील संध्याकाळ आहे, दुतर्फा सूचिपर्णी वृक्षांचे जंगल आहे आणि मोटारीचा वेग आहे ताशी ९० किलोमीटर. रस्त्याकडेच्या फलकावर एका प्राण्याची काळी आकृती दिसते. हा प्राणी म्हणजे मूस!

मूस हा हरिणकुलातील सर्वांत मोठा प्राणी. खांद्यापाशी उंची सुमारे २ मीटर आणि पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ५०० किलोग्रॅमच्या घरात. आपले सांबर त्याच्याशेजारी किरकोळच दिसेल. गंमत म्हणजे हा प्राणी मूळचा या बेटावरचा नव्हेच. १९०४ साली न्यू ब्रन्सविकमधून दोन नर व दोन माद्या आणून येथे सोडण्यात आल्या. आज बेटावर मूसची संख्या लाखाच्या आसपास आहे आणि दरवर्षी मोटारींशी त्यांच्या शेकडो टकरी होतात.

एवढे मोठे जनावर चालकाला दिसत नाही, हे कसे? मांजराचे डोळे अंधारात चमकतात, कारण दृष्टिपटलामागील थरावरून प्रकाश परावर्तित होतो. मूसच्या डोळ्यांतही असा थर असतो. पण मोटारीचे दिवे खाली झुकवलेले असले की झोत त्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. उजेड पडतो तो फक्त पायांवर. अंग तर गडद तपकिरी, काळोखात मिसळून जाणारे.

आता थोडे गणित करू. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात मोटार सुमारे ३८ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला, तर ब्रेक लागल्यावर थांबण्यास आणखी ४६ मीटर लागतात. एकूण सुमारे ८३ मीटर. झुकवलेल्या दिव्यांचा उपयुक्त उजेड मात्र साधारण ५०-६० मीटरच! वेग ६० धरून हेच गणित करून पाहा. उत्तर ४५ मीटर येईल. वेग दीडपट झाला की ब्रेकचे अंतर सव्वादोनपट होते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

टक्कर झालीच तर मूसची उंची घातक ठरते. मोटारीचा पुढचा भाग त्याच्या लांब पायांवर आदळतो आणि जड धड काचेवर, छतावर कोसळते. पट्टा बांधलेला असूनही माणसे दगावतात ती यामुळेच.

पण मूस रस्त्यावर येतो तरी कशाला? एक कारण आहे मीठ. वनस्पतींत सोडियम फार थोडे असते. थंडीत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ कडेच्या डबक्यांत साचते आणि मूस ते खारट पाणी पिण्यास येतात. शिवाय रस्त्याकडेची झाडी तोडली की तेथे कोवळे धुमारे फुटतात. म्हणजे मेजवानीचे आमंत्रण आपणच दिलेले!

उपाय सोपे नाहीत. कॅनडातीलच बान्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गाला उंच कुंपण घातले आणि खालून भुयारी वाटा काढल्या. १९९० नंतरच्या दशकात वरून माती-झाडांनी झाकलेले पूलही बांधले. तेथील वन्य प्राण्यांच्या टकरी ८० टक्क्यांहून अधिक घटल्या. एल्क या पुलांना लवकर सरावले. ग्रिझली अस्वलांनी मात्र विश्वास ठेवण्यास काही वर्षे घेतली.