सदनिका खरेदी

सदनिका खरेदी : बहुमजली इमारतीतील स्वतंत्रपणे राहण्याजोगा भाग मोबदला देऊन मालकी हक्काने संपादन करण्याचा व्यवहार. भूखंड व त्यावरील घर यांच्या खरेदीत जमीन आणि वास्तू एकाच वेळी ग्राहकाच्या नावे होतात. सदनिकेच्या बाबतीत मात्र जमीन, जिने, गच्ची इ. गोष्टी सर्व रहिवाशांच्या सामाईक असल्याने मालकीचे स्वरूप गुंतागुंतीचे होते. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील हा बहुधा सर्वांत मोठा व अनेकदा एकमेव मोठा आर्थिक व्यवहार असतो. त्यामुळे त्यातील चूक सहजासहजी भरून निघत नाही.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील बहुसंख्य लोक चाळींत वा इमारतींत भाडेकरू म्हणून राहत. गावदेवी येथे १९१५ साली स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही या क्षेत्रातील आद्य संस्थांपैकी एक होय. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली गेली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण भाड्याने देण्यासाठी इमारती बांधणे किफायतशीर राहिले नाही व पागडीची प्रथा बळावली. यातूनच सदनिका विकण्याची पद्धत रूढ झाली. पैसे आगाऊ घेऊन ताबा न देणे, करार न करणे यांसारख्या गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियम करण्यात आला. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाने सदनिका व तिच्याशी निगडित सामाईक हिस्सा यांची वैयक्तिक मालकी मान्य केली.

कायदेशीर संरक्षण : १९६३ च्या अधिनियमाने नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारण्यास बांधकाम व्यावसायिकास मनाई केली. केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली. महाराष्ट्रात त्यासाठीचे प्राधिकरण (महारेरा) २०१७ पासून कार्यरत आहे. या अधिनियमानुसार नोंदणीस पात्र प्रकल्पाची नोंदणी झाल्याविना जाहिरात वा विक्री करता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांवर खर्च करावी लागते. ताबा देण्यास विलंब झाल्यास ग्राहक सव्याज परतावा मागू शकतो किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेऊ शकतो. विक्री चटई क्षेत्रावरच करावी लागते. चटई क्षेत्र म्हणजे सदनिकेतील प्रत्यक्ष वापरण्याजोगे क्षेत्र असून त्यात अंतर्गत भिंती धरल्या जातात, तर बाह्य भिंती व सज्जा वगळला जातो.

कागदपत्रांची तपासणी : प्रथम जमिनीचा सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका पाहून विक्रेत्याचा हक्क निर्वेध आहे किंवा नाही, हे वकिलाकरवी तपासून घेतात. त्यासाठी सामान्यतः मागील ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेतला जातो. मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि इमारत पूर्ण असल्यास भोगवटा प्रमाणपत्र पाहणे आवश्यक असते. मंजुरीबाहेरील बांधकाम विकत घेणाऱ्याचा सद्‌हेतू त्याला वाचवू शकत नाही. वरळी येथील कॅम्पा कोला आवारातील अनधिकृत मजल्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये संरक्षण नाकारले, तेव्हा तेथील कुटुंबे अनेक वर्षे राहत होती. त्यानंतर करारावर मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करतात. करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे येणारे मूल्य यांपैकी जी रक्कम अधिक असेल, तीवर हे शुल्क आकारले जाते.

गृहकर्ज : एचडीएफसी (१९७७) या संस्थेने पगारदार वर्गाला दीर्घ मुदतीचे गृहकर्ज सुलभ केले. ही संस्था २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेत विलीन झाली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँका घराच्या पूर्ण किमतीइतके कर्ज देत नाहीत. ३० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जास ८० टक्के व त्यापुढे ७५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. मुद्रांक व नोंदणी यांचा खर्च ग्राहकाला सामान्यतः वेगळा उभारावा लागतो.

मासिक हप्ता समान असला, तरी त्यातील व्याज व मुद्दल यांचे प्रमाण बदलत जाते. उदा., ३० लाख रु. कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सु. २७,००० रु. येतो. पहिल्या हप्त्यातील २२,५०० रु. केवळ व्याजाचे असतात आणि निम्मे मुद्दल फिटण्यास सु. १४ वर्षे लागतात. एकूण व्याज सु. ३४ लाख ७८ हजार रु., म्हणजे मुद्दलाहूनही अधिक होते. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत केलेल्या अंशतः परतफेडीने व्याजाची मोठी बचत होते.

ताब्यानंतर : किल्ली हाती आली, तरी व्यवहार पूर्ण होतोच असे नाही. सदनिकाधारकांची सहकारी संस्था नोंदविणे आणि जमीन व इमारत यांचे तिच्या नावे अभिहस्तांतरण करून देणे हे व्यावसायिकाचे कर्तव्य असते. हे न झाल्यास जमिनीची मालकी मूळ धारकाकडेच राहते. इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाची वेळ येते, तेव्हा रहिवाशांना ही उणीव तीव्रतेने जाणवते. यावर उपाय म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली. तीनुसार व्यावसायिकाने सहकार्य न केल्यास संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून एकतर्फी हस्तांतरण मिळवू शकते. इमारतीखालील मोकळी वाहनतळाची जागा सामाईक असून ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. सदनिकेची मालकी अशा रीतीने वैयक्तिक असूनही तिची सुरक्षितता संस्थेच्या सामूहिक दक्षतेवर अवलंबून राहते.