प्राचीन चीनमधील सरदारी पदव्या : जन्मसिद्ध अधिकाराकडून राज्यदत्त दर्जाकडे

प्रस्तावना :
प्राचीन चीनमधील राज्यव्यवस्थेचा अभ्यास करताना सरदारांच्या पदव्यांचा विचार अपरिहार्य ठरतो. चिनी भाषेत अशा पदवीस ‘ज्युए’ ही संज्ञा असून धार्मिक विधीत वापरल्या जाणाऱ्या कांस्याच्या मद्यपात्रासही हेच नाव आहे. इंग्रजी ग्रंथांत या पदव्या ड्यूक, मार्क्विस, बॅरन अशा युरोपीय नावांनी येतात. त्यामुळे त्यांचे स्वरूप युरोपातील उमरावशाहीसारखेच असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात पदवी कोणी द्यावयाची आणि ती कोणास मिळावयाची, या प्रश्नाचे उत्तर चीनमध्ये काळानुसार बदलत गेले. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचे थोडक्यात विवेचन केले आहे.

चौ काळातील पंचविध पदव्या :
इ. स. पू. १०४६ च्या सुमारास चौ घराण्याने शांग घराण्याचा पराभव केला आणि जिंकलेले प्रदेश आपले आप्त व सहकारी यांच्या स्वाधीन केले. परंपरेनुसार या सरदारांच्या गोंग, हौ, बो, त्झ आणि नान अशा पाच श्रेणी होत्या. यांपैकी ‘बो’ म्हणजे ज्येष्ठ भाऊ, ‘त्झ’ म्हणजे पुत्र आणि ‘नान’ म्हणजे पुरुष. पदव्यांची ही व्यवस्था कुलसंबंधांशी किती निगडित होती, हे या शब्दांवरूनच दिसते. पदवी, भूमी आणि पितरांच्या पूजेचा अधिकार ही तिन्ही वारशाने ज्येष्ठ पुत्राकडे जात.

इ. स. पू. चौथ्या शतकातील तत्त्वचिंतक मेन्सियस याने श्रेणीनुसार भूमीचे प्रमाण दिले आहे. ‘ली’ हे अंतराचे चिनी माप आहे. राजाच्या प्रदेशाची प्रत्येक बाजू १००० ली, गोंग व हौ यांची १०० ली, बो याची ७० ली, तर त्झ व नान यांची ५० ली असे. मात्र हा तपशील पूर्णपणे उपलब्ध नसल्याचे तो स्वतःच नमूद करतो. जुन्या नोंदी आपणांस अडचणीच्या ठरतील म्हणून सरदारांनीच त्या नष्ट केल्या, असे त्याचे म्हणणे आहे.

आदर्श आणि वास्तव :
कांस्यपात्रांवरील कोरीव लेखांत इतकी सुबक उतरंड आढळत नाही. त्यामुळे पाच श्रेणींची ही चौकट बऱ्याच अंशी उत्तरकालीन मांडणी असावी, असे अनेक आधुनिक अभ्यासकांचे मत आहे. छू राज्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. या राज्याच्या अधिपतीने इ. स. पू. ७०४ मध्ये स्वतःस ‘वांग’ म्हणजे राजा म्हणवून घेतले. परंतु लू राज्याच्या इतिवृत्तात छूच्या अधिपतीचा उल्लेख ‘त्झ’ असाच होत राहिला. सत्ता एका हाती आणि प्रतिष्ठेची नोंद दुसऱ्या हाती, अशी ही स्थिती होती. चौ राजाचे बळ ओसरत गेले, तसा पदव्यांचा धाकही ओसरला. इ. स. पू. चौथ्या शतकात प्रमुख राज्यांचे अधिपती एकापाठोपाठ एक ‘वांग’ झाले.

चिन राज्यातील पराक्रमाधिष्ठित दर्जा :
इ. स. पू. ३५६ च्या सुमारास चिन राज्यात शांग यांग याने ही व्यवस्था मुळापासून बदलली. राजकुलातील व्यक्तीनेही युद्धात पराक्रम केला नसेल, तर तिचे नाव कुलाच्या नोंदीत राहू नये, असा नियम झाला. उलट शत्रूच्या सशस्त्र सैनिकाचे शिर आणणाऱ्यास एक श्रेणी, एक छिंग (१०० मू) शेतजमीन आणि घरासाठी ९ मू जागा मिळे. पुढे ही उतरंड वीस श्रेणींची झाली.

सामान्य माणसाच्या दृष्टीने दर्जाचे मोल काय होते, हे १९७५ मध्ये हूपेई प्रांतातील शुइहूदी येथे सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांवरील कायद्यांवरून कळते. दास्यात असलेल्या पित्यास किंवा मातेस सोडविण्यासाठी दोन श्रेणी परत करण्याची मुभा होती. स्वतः दास असलेल्या पुरुषाने शत्रूचे शिर आणून सर्वांत खालची ‘गोंग-श’ ही श्रेणी मिळविली असेल, तर ती परत करून त्याला आपल्या पत्नीस दास्यमुक्त करता येई. कुलप्रतिष्ठेचे चिन्ह असलेली पदवी येथे स्वातंत्र्याचे मूल्य बनली. मात्र ते मूल्य दुसऱ्याच्या प्राणाने चुकते होत असे.

हान काळातील परिणती :
हान सम्राटांनी वीस श्रेणी कायम ठेवल्या आणि त्यांच्या वर स्वकुलातील व्यक्तींसाठी ‘वांग’ ही पदवी ठेवली. आनंदाच्या प्रसंगी सामान्य प्रजाजनांनाही खालच्या श्रेणी बहाल होत. इ. स. पू. दुसऱ्या शतकात धान्याच्या मोबदल्यात श्रेणी देण्याची प्रथा सुरू झाली आणि त्यांचे महत्त्व घटत गेले. वरच्या श्रेणीही सुरक्षित नव्हत्या. इ. स. पू. ११२ मध्ये सम्राट वू याने, विधीसाठी अर्पण केलेले सोने सदोष असल्याच्या कारणावरून १०६ ‘हौ’ सरदारांच्या पदव्या काढून घेतल्या.

निष्कर्ष :
‘ज्युए’ ही संज्ञा टिकून राहिली, परंतु तिचा आधार बदलला. चौ काळात तो जन्म होता, चिन राज्यात पराक्रम झाला आणि हान काळात मुख्यतः सम्राटाची मर्जी. जन्माचे बंधन सैल झाल्याने शेतकऱ्यास वर चढण्याची वाट मिळाली; त्याचबरोबर राज्यसत्तेस आव्हान देऊ शकणारा स्वतंत्र सरदारवर्गही क्षीण झाला. म्हणून पाच पदव्यांचा प्रचलित तक्ता अध्यापनात केवळ प्रारंभबिंदू म्हणून वापरावा. तो देणारा हात कोणाचा होता, या प्रश्नाशिवाय त्याचा अर्थ पूर्ण होत नाही.