आंबण्याची कला : एडिंबरा, ब्रसेल्स आणि पालघर

बोईसरच्या परमिट रूममध्ये बिअर मागवली की वेटर विचारतो, ‘स्ट्राँग की माइल्ड?’ मग बाटली पुरेशी गार आहे ना, एवढं हाताने चाचपून पाहिलं की विषय संपतो. तारापूर एमआयडीसीतली पाळी संपवून आलेल्या माणसाला तेवढं पुरतं, त्यात गैर काही नाही. पण चवीचं काय, हा प्रश्न राहूनच जातो. स्कॉटलंड आणि बेल्जियम या दोन देशांनी तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला. त्याचं एक उत्तर पालघरच्या किनाऱ्यावरही ताडाला टांगलेलं असतं.

आधी स्कॉटलंड. तिथे जव उत्तम पिकतं, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सची वेल मात्र थंडीत धड वाढत नाही. त्यामुळे जुन्या स्कॉटिश एलमध्ये कडवटपणा मागे राहतो आणि मोड आणून भाजलेल्या जवाची, म्हणजे माल्टची, खरपूस गोडी पुढे येते, असं नेहमी सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. एकोणिसाव्या शतकात एडिंबरा आणि अलोआच्या कारखान्यांनीच बाहेरून हॉप्स आणून कडू पेल एल बनवली आणि पिंपं भरभरून हिंदुस्थानात पाठवली. घरी प्यायच्या बिअरला किमतीवरून नावं पडली : साठ, सत्तर, ऐंशी शिलिंग. त्याहून जड ती ‘वी हेवी’. ट्रॅक्वेअर हाउस या जुन्या वाड्यातली अठराव्या शतकातली भट्टी 1965मध्ये वाड्याच्या मालकाने पुन्हा सुरू केली. तिथली 7.2 टक्क्यांची गडद एल आजही ओकच्या पिंपांत आंबते. अशी बिअर बर्फगार प्यायली तर जीभ बधिर होते आणि हाती काहीच लागत नाही. बारा-चौदा अंशांवर ती गुळाच्या पाकासारखी उलगडते.

बेल्जियमचा स्वभाव याच्या उलट. तिथे एकच एक शैली नाही. वेस्टमाल्लेच्या मठाने 1934मध्ये फिकट, पण जबर ‘ट्रिपल’ काढली. गव्हाची पांढरी बिअर मरून गेली होती. ती पिएर सेलिस यांनी 1966मध्ये हूगार्डन गावात पुन्हा जिवंत केली. तिच्यात कडू संत्र्याची साल आणि चक्क धणे असतात, त्यामुळे मराठी जिभेला तिची ओळख पटायला वेळ लागत नाही. दोन्ही देशांना जोडणारा धागा ड्युव्हेलमध्ये सापडतो. पहिल्या महायुद्धानंतर आल्बर्ट मोर्टगाट या बेल्जियन बिअरवाल्याने थेट स्कॉटलंड गाठून तिथलं यीस्ट मिळवलं आणि त्यावर ही बिअर उभी केली.

पण आपल्याला जवळची आहे ती ब्रसेल्सच्या परिसरातली, सेन नदीच्या खोऱ्यातली लँबिक. तिच्यात यीस्ट घालतच नाहीत. गरम काढा रात्रभर उथळ, उघड्या हौदात ठेवतात. हवेतले आणि वास्तूतले सूक्ष्मजीव त्यात उतरतात आणि पुढे पिंपात एक ते तीन वर्षं काम करतात. उन्हाळ्यात नको ते जंतू माजतात, म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच चालतं. जुनी आणि नवी लँबिक मिसळली की आंबट, फसफसणारी गझ तयार होते.

ताडीचं तंत्र हेच आहे. ताडाच्या फुलोऱ्याचं टोक रोज छाटायचं आणि खाली मडकं बांधायचं. मडक्याला आतून चुना लावला तर गोड नीरा मिळते, न लावला तर ताडी. रस मडक्यात ठिबकतो तेव्हाच आंबायला लागलेला असतो, कारण यीस्ट आणि जिवाणू झाडावर, मडक्यात, हवेत आधीच हजर असतात. फरक पडतो तो पालघरच्या उष्म्याने. लँबिकला जिथे वर्षं लागतात, तिथे ताडीला तास पुरतात. सकाळी शहाळ्याच्या अंगाने जाणारी गोडी, दुपारी आंबट-तिखट फेस, आणि दुसऱ्या दिवशी शिरक्याची वाट. म्हणून ताडीला बाटली मिळाली नाही, आणि बाटली नाही म्हणून प्रतिष्ठाही नाही.

प्रतिष्ठा जाण्याला इतिहासही आहे. 1878च्या अबकारी कायद्याने आणि झाडांवरच्या कराने ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यांच्या धंद्यावर सरकारचा हात पडला. 1892च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत दारूसाठी लागणारी मोहाची फुलं साठवण्यावर बंधनं आली. 1922मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांमध्ये देवीचा संचार सुरू झाला. तो दक्षिण गुजरातच्या आदिवासींमध्ये पोहोचला आणि त्यातून दारू-ताडी सोडण्याची मोठी चळवळ उभी राहिली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर सविस्तर लिहिलं आहे. हे पेय सावकारीशी आणि मक्त्याशी कसं बांधलेलं होतं, ते त्यातून कळतं. त्यामुळे इथे ताडीचे गोडवे गाणारं लिखाण करताना हात थोडा आखडतोच. आज भीती आहे ती भेसळीची : क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं रसायन घातलेलं पाणी ताडी म्हणून विकलं जातं, आणि त्याने माणसं दगावतात.

चव घ्यायची तर क्रम सोपा आहे. तळलेल्या बोंबलासोबत गव्हाची बेल्जियन, आगाशीच्या भुजिंगसोबत माल्टची स्कॉटिश, आणि भाजलेल्या सुक्या मासळीसोबत खात्रीच्या माणसाकडची सकाळची ताडी. मोठा पेला नको. आधी वास, मग छोटा घोट, आणि घोटांमध्ये वेळ.

या पट्ट्याला नवं काही जमत नाही, असं नाही. घोलवडच्या चिकूला 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बोर्डीत चिकूची वाइनही बनते. त्याच वर्षी युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीची मानवी वारशात नोंद केली. ताडीसाठी इतक्या लांब जायची गरज नाही. गझच्या काही बाटल्यांवर ती कधी भरली ते छापलेलं असतं. परवानाधारक ताडीकेंद्राने रस झाडावरून किती वाजता उतरवला ते फळ्यावर रोज लिहावं, आणि तपासणीचा दाखला शेजारी लावावा. एवढं झालं तर गिऱ्हाईक ‘स्ट्राँग की माइल्ड’च्या पुढचं काही विचारायला लागेल.