मांडीवरचं बाळ आणि सोळा तासांचं विमान

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारं विमान पंधरा-सोळा तास हवेत असतं. दोन वर्षांखालच्या मुलासाठी वेगळी सीट घेण्याची सक्ती नाही. प्रौढाच्या भाड्याच्या साधारण दहा टक्क्यांत त्याला मांडीवर नेता येतं. नातवंडं दाखवायला परदेशातून येणारी अनेक मराठी कुटुंबं हीच सवलत घेतात. इतक्या लांबच्या प्रवासात ही सवलत बाळाच्या जिवाशी खेळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मे २०२४मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान हवेतल्या हादऱ्यांत सापडलं, तेव्हा अवघ्या ०.६ सेकंदात आतला भार (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, म्हणजे ‘जी’मध्ये मोजलेला) अधिक १.३५ जीवरून उणे १.५ जीवर गेला आणि पट्टा न बांधलेली माणसं सीटवरून उचलली गेली. एवढ्या वेळात कुणाचे हात आवळणार? विमानातला बाळाचा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, शांत हवेत उपयोगी पडतं, पण पट्टे बांधण्याची सूचना झाली की बहुतेक कंपन्या बाळाला त्यातून काढायला लावतात, म्हणजे नेमक्या धोक्याच्या वेळी ते पुन्हा मांडीवर येतं. आईच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा आपल्याकडे देतात. धक्क्यात आईचं शरीर पुढे वाकून बाळ चिरडण्याची भीती असल्यामुळे अमेरिकी कंपन्यांना तो वापरता येत नाही.

जुलै १९८९मध्ये अमेरिकेतल्या सू सिटीला विमान कोसळलं, त्यात मांडीवरची चार मुलं होती. त्यांना पायांजवळ जमिनीवर ठेवा, असं कर्मचाऱ्यांनी सांगितलं होतं. त्यांतलं एक दगावलं. पुढच्याच वर्षी तिथल्या अपघात तपास मंडळाने मुलांना वेगळ्या सीटवर बांधण्याची शिफारस केली. विमान वाहतूक खात्याने २००५मध्ये सक्ती नाकारली, कारण तिकिटाचा खर्च वाढला की कुटुंबं मोटारीने जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं मरतील. देशांतर्गत प्रवासापुरता हा हिशेब मला पटतो. पण मुंबई-न्यूयॉर्कला मोटारीचा पर्यायच नाही, तेव्हा तिथे तो लागू होत नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. मुलाच्या सीटचं भाडं पूर्ण तिकिटाच्या जवळपास जातं आणि सगळ्यांना ते झेपत नाही. म्हणून दोष आईबापांना देण्यापेक्षा लांब पल्ल्यावर तान्ह्या मुलांच्या सीटला खास कमी दर ठेवण्याची सक्ती कंपन्यांवर हवी. बाळ कुशीतच शांत राहतं हेही खरं, पण सीट असली तरी पट्ट्याचा दिवा विझल्यावर त्याला कुशीत घेता येतंच. ज्यांना सीट परवडते, त्यांनी मोटारीतली बेबी सीट विमानासाठी मान्य असल्याचा शिक्का पाहावा, तिची रुंदी कंपनीकडून तपासून घ्यावी आणि ती खिडकीकडे लावावी, म्हणजे बाकीच्यांची वाट अडणार नाही.