लोपेस प्रकरण: साक्षीदार बेपत्ता, तपासावर अविश्वास

होर्हे हुलिओ लोपेस हे अर्जेंटिनातील ला प्लाता शहराच्या लोस ओर्नोस भागात राहणारे निवृत्त गवंडी. लष्करी राजवटीत १९७६ ते १९७९ या काळात ते कैदेत होते आणि गुप्त छळछावण्यांत त्यांचे अतोनात हाल झाले. ब्युनोस आयर्स प्रांताच्या पोलीस तपास विभागाचे तेव्हाचे प्रमुख मिगेल एचेकोलात्स यांच्याविरुद्ध त्यांनी २००६ मध्ये साक्ष दिली. सोबतच्या कैद्यांना कसे ठार मारले, हे त्यांनी न्यायालयात सांगितले. १८ सप्टेंबरला, अंतिम युक्तिवादाच्या दिवशीच, ते नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी एचेकोलात्स यांना जन्मठेप झाली.

लोकांच्या अविश्वासाचे मूळ इथेच आहे. ज्या दलाच्या माजी अधिकाऱ्याला लोपेस यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्याच प्रांतिक पोलिसांकडे सुरुवातीचा शोध गेला. वृद्ध माणूस गोंधळून वाट चुकला असावा, असे आधी मानले गेले आणि अपहरणाच्या दिशेने तपास करण्याचे पहिले मोलाचे दिवस वाया गेले. इतक्या महत्त्वाच्या साक्षीदाराला संरक्षण नव्हते, ही चूक तर अक्षम्यच. मानवी हक्क संघटना तेव्हापासून दरवर्षी १८ सप्टेंबरला मोर्चे काढतात.

२०१४ मध्ये दुसऱ्या एका खटल्याच्या निकालावेळी एचेकोलात्स यांच्या हातातल्या चिठ्ठीवर लोपेस यांचे नाव आणि ‘अपहरण’ या अर्थाचा शब्द छायाचित्रकारांनी टिपला. एचेकोलात्स २०२२ मध्ये शिक्षा भोगत असतानाच मरण पावले. लोपेस सापडलेले नाहीत आणि त्यांच्या बेपत्ता होण्याबद्दल कोणालाही शिक्षा झालेली नाही.