जैसलमेरहून वाळवंटात: सफर कशी ठरवावी

थरच्या वाळवंटाची सफर बहुतेकांच्या वाट्याला जैसलमेरहून येते. रावळ जैसल याने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर किल्ला वसवला आणि त्याच्या पायथ्याशी हे शहर वाढत गेले. जोधपूरहून येणारा सुमारे २८० किलोमीटरचा रस्ता आणि रेल्वे या दोन्ही वाटांनी पर्यटक आधी इथे येतो, किल्ला आणि हवेल्या पाहतो आणि मग वाळूची चौकशी करू लागतो. पण वाळू शहराच्या वेशीवर नाही. गाव मागे पडल्यावर कितीतरी वेळ दिसतो तो खडकाळ, मुरमाड माळ, त्यावर खेजडी, केर आणि रुईची झुडपे, अधूनमधून शेळ्या-मेंढ्यांचे कळप आणि क्षितिजावर रांगेने उभ्या पवनचक्क्या. थरचा बराच मोठा भाग असाच आहे. जाहिरातीतल्या छायाचित्रासारखी लाटालाटांची वाळू ठरावीक पट्ट्यांतच सापडते. त्यामुळे सफर ठरवणे म्हणजे मुळात कोणत्या पट्ट्यात जायचे आणि तिथे रात्र काढायची की नाही, हे ठरवणे. बाकीच्या गोष्टी या दोन उत्तरांच्या मागून येतात.

सर्वांत प्रसिद्ध पट्टा समचा. शहराच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर, उत्तम डांबरी रस्त्याच्या कडेलाच या टेकड्या आहेत. इथे पोचायला तासभरही लागत नाही, आणि म्हणूनच इथे गर्दी असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबूंचे कॅम्प, चहाच्या टपऱ्या, उंटांच्या रांगा आणि भाड्याने मिळणाऱ्या चारचाकी बाईक. नैर्ऋत्येला साधारण तितक्याच अंतरावर खुरी आहे. तिथल्या टेकड्या समइतक्या भव्य नाहीत, पण गाव टेकड्यांना लागून आहे, मातीची सारवलेली घरे आहेत आणि रात्रीचा गोंगाट कमी. तिसरा पर्याय म्हणजे लहान खेड्यांजवळच्या बिननावाच्या टेकड्या. शहरातले सफरवाले त्यांना ‘नॉन-टुरिस्टिक’ म्हणून विकतात. तिथे जायचे तर शेवटचा टप्पा जीपने किंवा उंटानेच गाठावा लागतो आणि जवळपास दुकानही नसते.

विकल्या जाणाऱ्या सफरींचे मोजकेच प्रकार आहेत. दुपारी निघून सूर्यास्त पाहून, जेवून रात्री शहरात परतायचे, ही सर्वांत छोटी. दुसऱ्या प्रकारात कॅम्पमध्ये मुक्काम असतो: स्विस टेंट म्हणून ओळखला जाणारा पक्क्या चौथऱ्यावरचा तंबू, आत पलंग, मागे न्हाणीघर. तिसऱ्यात तंबू नाही. वाळूवर खाट किंवा गादी, वर रजई आणि आकाश. चौथी सफर दोन-तीन दिवसांची, उंटावरची. पूर्वी परदेशी पर्यटक हिच्यासाठीच जैसलमेरला येत. महाराष्ट्रातून दिवाळीत किंवा नाताळच्या सुट्टीत येणारी कुटुंबे मात्र जवळपास हमखास दुसरा प्रकार घेतात, कारण यात्रा कंपन्यांच्या कार्यक्रमात तोच असतो. लहान मुले किंवा वयस्क माणसे बरोबर असतील तर तो योग्यही आहे. चार तरुण मित्रांनी तो घेऊन मग आवाजाबद्दल कुरकुर करण्यात मात्र अर्थ नाही.

आवाज हा या निवडीतला खरा मुद्दा आहे. समच्या मोठ्या कॅम्पमध्ये संध्याकाळी मधल्या चौकात लोकसंगीताचा कार्यक्रम होतो. कमायचा आणि खडताल वाजवणारे मांगणियार गायक, मग कालबेलिया नृत्य, मग दाल-बाटी-चूरमा आणि केर-सांगरीचे जेवण. मांगणियार हे मुस्लिम. पण पिढ्यान्‌पिढ्या राजपूत यजमानांच्या घरी लग्न-बारशाला गात आले. कालबेलियांच्या गाण्या-नृत्याचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०१० मध्ये समावेश झाला. हे सगळे ऐकण्यापाहण्यासारखे आहे. मात्र त्यानंतर बऱ्याच ठिकाणी डीजे सुरू होतो, शेजारच्या कॅम्पचा डीजे त्यात मिसळतो आणि कमायच्याचा खर्जातला सूर ऐकायला आलेला माणूस तंबूत जाऊन कानावर उशी घेतो. म्हणून पैसे भरण्याआधी ‘कार्यक्रम किती वाजता संपतो आणि डीजे असतो का’ हा प्रश्न स्पष्ट विचारावा. शांतता हवी असेल तर कॅम्प महागडा असून भागत नाही. तो इतर कॅम्पांपासून किती लांब आहे, हे बघावे लागते.

सफर विकत घेण्याची जागा म्हणजे शहरातले हॉटेल, किल्ल्याच्या पायथ्याची दुकाने किंवा घरबसल्या फोन. यात एक जुनी युक्ती अजून चालते. खोलीचे भाडे आश्चर्य वाटावे इतके कमी सांगितले जाते आणि सामान ठेवताक्षणी सफरीचा आग्रह सुरू होतो. सफर घेतली नाही तर खोली ‘आधीच बुक झालेली’ निघते. खोली आणि सफर यांचे सौदे वेगवेगळे ठेवले की हा प्रश्न बराचसा सुटतो. स्टेशनवर किंवा बसस्टँडवर गाठणाऱ्या माणसाशी दर ठरवू नये. त्याचे कमिशन पाहुण्याच्याच खिशातून जाते.

दर ऐकताना तो माणशी आहे की जोडप्यामागे, हे आधी विचारावे. मग तपशील. जाण्यायेण्याची गाडी त्यात धरली आहे का, की कॅम्पपर्यंत स्वतः यायचे आहे? जीप सफारी दरात आहे की तिथे गेल्यावर वेगळे पैसे? पाणी बाटलीबंद मिळणार का? आणि सर्वांत महत्त्वाचे, उंटावर किती वेळ? स्वस्त पॅकेजमधली उंटाची सवारी पुष्कळदा कॅम्पच्या फाटकापासून समोरच्या टेकडीच्या कडेपर्यंतच असते, तीही एका उंटावर दोघे-तिघे बसवून. टेकडीच्या आत जायचे तर उंटवाला वाटेत नवा सौदा काढतो. त्याला दोष देता येत नाही. त्याला ठरवून दिलेला फेरा तेवढाच असतो. हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतले की संध्याकाळी वाद होत नाही.

काळ निवडताना ऑक्टोबर ते मार्च ही चौकट पक्की धरावी; त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि अनेक कॅम्प बंदच असतात. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्री तो एक आकडी होतो, आणि मुंबई-कोकणातून आलेला माणूस दुपारच्या उन्हाला फसून एका पातळ स्वेटरवर येतो. वाळू जशी लवकर तापते तशीच सूर्य गेल्यावर लवकर निवते. कानटोपी, मोजे आणि जाड जाकीट हे सामान इथे चैनीचे नाही. माघी पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला तीन दिवसांचा मरू महोत्सव भरतो. तो पाहायचा असेल तर खोल्या फार आधी घ्याव्या लागतात, आणि पाहायचा नसेल तर ते दिवस टाळलेलेच बरे. चंद्राचाही विचार करावा. पौर्णिमेला वाळू उजळलेली दिसते, पण तारे फिके पडतात. आकाश पाहायला येणाऱ्याने अमावास्येच्या आगेमागे यावे.

दिवसाचा हिशेब सूर्यास्तापासून मागे मोजत करतात. जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकाला असल्याने डिसेंबरातही इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी उंटावर दीड तास हवा असेल तर शहरातून तीनच्या आत निघणे भाग आहे. वाटेत कुलधरा पाहायचे असेल तर आणखी आधी. पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोडलेले हे गाव आता भिंतींच्या सरळ रांगांच्या रूपात उरले आहे. दिवाण सालिमसिंगाच्या जाचामुळे ते एका रात्रीत रिकामे झाले, ही कथा प्रत्येक गाइड सांगतो. पावसाचे पाणी अडवून त्या ओलीवर रब्बी पिके घेण्याची पालीवालांची ‘खडीन’ पद्धत मात्र क्वचितच कुणी दाखवतो. वर्षाला २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडणाऱ्या मुलखात गावे कशी जगली, याचे उत्तर त्या कथेत नाही, खडीनमध्ये आहे.

उंटावर बसण्याची रीत आधी माहीत असलेली बरी. एका वशिंडाच्या उंटावर लाकडी पलाण असते, त्यावर गोधड्यांचे थर. उंट बसलेला असतानाच स्वार चढतो. उठताना उंट आधी मागचे पाय सरळ करतो. त्या क्षणी स्वार थेट उंटाच्या मानेकडे फेकला जातो. मग पुढचे पाय उठतात आणि तो मागे ढकलला जातो. बसताना उंट आधी पुढचे गुडघे टेकतो, म्हणजे पुन्हा झोका पुढेच. दोन्ही वेळा पहिल्या धक्क्याला अंग मागे रेलून पलाणाची खुंटी घट्ट धरायची, इतकेच लक्षात ठेवावे. चालायला लागल्यावर उंट एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास एकदम टाकतो आणि त्यामुळे डोलत चालतो. कंबर ताठ ठेवली तर अर्ध्या तासात मांड्या भरून येतात. सवय नसलेल्याने पहिल्या दिवशी दोन तासांपेक्षा जास्त उंट घेऊच नये, आणि पाठीचे दुखणे असलेल्याने तर चालतच जावे. उंटाचा वेग माणसाच्या चालीपेक्षा फार जास्त नसतो.

टेकडीवर पोचल्यावर तिचा आकार नीट पाहावा. वाऱ्याकडची बाजू लांब आणि सौम्य असते, दुसरी एकदम तुटलेली. या तुटलेल्या बाजूचा उतार तिशीच्या वर, जवळपास ३४ अंशांपर्यंत जातो. त्याहून उभी कोरडी वाळू टिकत नाही, घसरते. कडेवर पाय ठेवला की वाळूचा एक पातळ पदर खाली सुटतो आणि काही क्षण सरकत राहतो. उंटवाले म्हणूनच उंट त्या बाजूने सरळ उतरवत नाहीत, कडेकडेने तिरके नेतात. वाऱ्याकडच्या बाजूवर बारीक लहरी उठलेल्या असतात. माणसांची वर्दळ झालेल्या टेकडीवर त्या पुसून जातात. समच्या रस्त्यालगत संध्याकाळी पाचनंतर लहरी शोधाव्या लागतात, पाऊलखुणा मात्र ढिगाने मिळतात.

जीपने टेकड्यांवरून उड्या मारत जाण्याच्या प्रकाराला ‘ड्यून बॅशिंग’ म्हणतात. उघड्या जीपमध्ये मागे उभे राहून दांडा धरण्याची इथे रीत पडली आहे, ती धोक्याची आहे. बसून आणि पट्टा लावून मिळत नसेल तर ही सवारी सोडून द्यावी. चाके वाळू धरून ठेवणारी झुडपेही उपटतात.

सम आणि खुरीचा परिसर डेझर्ट नॅशनल पार्कशी निगडित आहे. १९८० मध्ये संरक्षित झालेले हे क्षेत्र जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर पसरले आहे. सेवण गवताचे हे माळ म्हणजे माळढोकाचा शेवटचा मोठा आधार. सोलापूरजवळच्या नान्नजला हाच पक्षी पाहायला एकेकाळी लोक जात. आता तिथे तो जवळपास दिसेनासा झाला आहे. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो राज्याचा पक्षी आहे. विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात, म्हणून तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पक्षी पाहण्याची इच्छा असेल तर ती कॅम्पच्या पॅकेजमध्ये कोंबू नये. त्यासाठी पहाटेची वेगळी फेरी, वनखात्याची परवानगी आणि जाणता गाइड लागतो, आणि तरीही माळढोक दिसेलच असे नाही.

एक दिवस जास्त असेल तर तनोट आणि लोंगेवाला करता येते. तनोट शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर. तिथल्या मातेच्या देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे. १९६५ च्या युद्धात देवळाच्या आवारात पडूनही न फुटलेले बॉम्ब तिथे मांडले आहेत. लोंगेवाला ही डिसेंबर १९७१ च्या लढाईची जागा. तनोटच्या पुढे प्रत्यक्ष सीमेपर्यंत जायला वेगळा परवाना घ्यावा लागतो, आणि ओळखपत्र मूळचेच बरोबर असावे. ही फेरी आणि कॅम्पचा मुक्काम एकाच दिवसात उरकण्याचा मोह यात्रा कंपन्यांनाही होतो. तसे केले की सूर्यास्त गाडीत बसूनच पाहावा लागतो.

तीन दिवस हाताशी असतील तर दोन रात्री शहरात आणि एक रात्र वाळूत, ही वाटणी सर्वांत सोयीची. कुटुंबाने खुरीचा किंवा समच्या रस्त्यापासून आत असलेला छोटा कॅम्प घ्यावा, धडधाकट मंडळींनी खाटेवरचे आकाश. पैसे सगळे आगाऊ देऊ नयेत. काही आधी, उरलेले सकाळी परतताना. प्लॅस्टिकची बाटली वाळूत सोडू नये, ती उंट-शेळ्यांच्या पोटात जाते. आणि उंटवाल्याला बक्षिशी द्यायची असेल तर कॅम्पच्या काउंटरवर न देता त्याच्याच हातात द्यावी. पॅकेजच्या रकमेत त्याचा वाटा फार थोडा असतो.