थर्टी फर्स्टचा घरगुती रम पंच : चव सरबताची, हिशेब पेगचा

बेळगाव : डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की कॅम्पात ‘ओल्ड मॅन’चे पुतळे विक्रीला उभे राहतात आणि इकडं गच्चीवरच्या पार्ट्यांचं ठरू लागतं. हॉटेलचं बिल नको, मध्यरात्री गाडी चालवत परत येणं नको, म्हणून चार घरं मिळून घरातच बेत करतात. सुक्कं, रस्सा, भाकरी हे ठरलेलंच. अलीकडं त्यात फळांचा रम पंचही शिरलाय. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, पातेल्यात अननस-संत्र्याचा रस ओतायचा, वर रमची बाटली उपडी करायची, झाला पंच.

करायला सोपा आणि चवीला फक्कड, यात वाद नाही. अडचणही तिथंच आहे. आंबट, गोड आणि थंड या तिघांत मिळून दारूची जळजळ झाकली जाते. व्हिस्की पिणारा निदान ‘हा तिसरा पेग’ असं मनात मोजतो. पंच मात्र ओगराळ्यानं घेतला जातो, लग्नातल्या कोकम सरबतासारखा. किती पोटात गेली हे कळेपर्यंत पुढचा ग्लास हातात असतो. म्हणून पंच करायचाच असेल तर आधी मापं ठरवावीत, मग पातेलं काढावं.

नाव आपल्याच बाजूचं

पंच हे पेय वेस्ट इंडीजचं, असं बहुतेकांना वाटतं. नावाचा माग मात्र हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याकडं येतो. १६३८ मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानं तिथले इंग्रज दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर एकत्र करून पितात, अशी नोंद केली आहे. त्यानंतर १६७० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर या किनाऱ्यावर फिरला. गोव्याजवळच्या नेरूलची अर्राक उत्तम असते, इंग्रज तिचाच पंच करतात आणि पाच जिनसा पडतात म्हणून इथल्या भाषेतल्या ‘पाच’वरून हे नाव आलं, असं त्यानं लिहून ठेवलंय. त्याचं पुस्तक १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं. काही अभ्यासक हे नाव दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून आलं असं मानतात, पण पाचाची गोष्टच जास्त चालते. आपल्याकडं पंचामृत आहे, पंचखाद्य आहे. मोजून नाव ठेवायची सवय इथलीच म्हणायची.

त्या पाच जिनसा म्हणजे दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. त्या पहिल्या पंचात रम नव्हती, माडाची नाहीतर तांदळाची अर्राक होती. रम आली ती कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून. आणि रम म्हणजे तरी काय? साखर काढून उरलेली मळी आंबवायची, तिचं ऊर्ध्वपातन करायचं आणि बहुतेक प्रकारांत लाकडी पिंपात मुरवायची. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, उगार या कारखान्यांच्या पट्ट्यात मळी काय असते हे कुणाला सांगायला नको.

साहित्य : बारा जणांसाठी

खालचं माप १५० मिलीचे चोवीस ग्लास, म्हणजे माणशी दोन, असं धरलेलं आहे.

रम ७५० मिलीची एकच बाटली. अननसाचा गाळलेला रस एक लिटर. त्यासाठी मध्यम आकाराचे दोन-तीन अननस लागतात. संत्र्याचा रस ७५० मिली, म्हणजे बारा-पंधरा संत्री. लिंबाचा रस १५० मिली. विजापूरकडची इंडीची रसदार लिंबं मिळाली तर दहा-बारा पुरतात. गुळाचा पाक २०० मिली, कोकम सरबताचा गोड अर्क १०० मिली आणि फिका कोरा चहा ६५० मिली. सगळं मिळून ३६०० मिली होतं. वरून किसायला जायफळ. पाचवी जिन्नस ती.

चहा बघून दचकू नये. दोन चमचे पत्ती उकळीच्या पाण्यात तीन मिनिटं झाकून ठेवायची आणि गाळून गार करायची. नुसत्या पाण्यानं पंच पचपचीत होतो, चहाच्या तुरटपणानं त्याला अंग येतं. गूळ घ्यायचा तो कोल्हापुरी. किसून थोड्या गरम पाण्यात विरघळवायचा आणि फडक्यातून गाळायचा. गूळ अननसाला साखरेपेक्षा चांगला लागतो. कोकमाचा अर्क सरबताचाच घ्यावा. आगळ खारट असतं, ते पडलं की सगळं पातेलं सोलकढीच्या वाटेला लागतं.

रम काळी की पांढरी, हा आवडीचा प्रश्न. ओल्ड मंकसारखी काळी रम घेतली तर गुळाशी तिची छान जोडी जमते, पण कोकमाचा लाल रंग तिच्यात गढूळ दिसतो. तेव्हा काळी रम असेल तर कोकम वगळून तितकाच अननसाचा रस वाढवावा. पांढऱ्या रमला कोकम झकास.

करायची पद्धत

दोन-तीन लिंबांची साल आधी पातळ सोलून घ्यावी. आतला पांढरा भाग येता कामा नये, तो कडू असतो. ही साल दोन चमचे साखरेत चुरून दोन तास ठेवली की सालीतलं तेल साखरेत उतरतं. ही साखर गुळाच्या पाकात घालायची आणि गाळून घ्यायची. बाजारच्या सरबतात आणि चांगल्या पंचात फरक पडतो तो इथं.

संत्र्याचा रस त्याच दिवशी, हातानं पिळून काढावा. मिक्सरला लावला की बिया भरडल्या जातात आणि रस कडवट होतो. आदल्या रात्री काढून ठेवलेला रसही कडवट लागतो. अननस मात्र मिक्सरला चालतो, फक्त फेस बसू द्यावा आणि फडक्यातून पिळावा. कुणी हौसेनं दूध किंवा आइस्क्रीम घालायला निघालं तर थांबवा, ताज्या अननसानं दूध फाटतं आणि कडूही होतं.

रम सोडून सगळं एकत्र करायचं आणि चाखून बघायचं. या वेळी ते थोडं जास्तच आंबट-गोड लागलं पाहिजे, पुढं बर्फ वितळणार आहे. मग तीन-चार तास फ्रीजमध्ये. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्यावं. देव्हाऱ्याजवळचा तांब्याचा हंडा किंवा आजीचं पितळी पातेलं फोटोला कितीही छान दिसलं तरी त्यात लिंबा-अननसाचा रस ठेवू नये, आंबटानं धातू सुटतो.

बर्फाचे बारीक तुकडे नकोत. डब्यात पाणी घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं की मोठा ठोकळा मिळतो. तो सावकाश वितळतो. पाणी मात्र प्यायचंच घ्यावं. मासळीवाल्यांकडची बर्फाची लादी पोटात घालायची नसते.

आता हिशेब

आपल्याकडच्या बहुतेक रममध्ये मद्यार्क ४२.८ टक्के असतो. स्मॉल पेग म्हणजे ३० मिली. त्यात शुद्ध मद्यार्क सुमारे १३ मिली, वजनानं दहा ग्रॅम. ७५० मिलीच्या बाटलीत असे पंचवीस पेग. वरच्या मापात चोवीस ग्लास निघतात, म्हणजे एका ग्लासाला जेमतेम एक पेग. हे जुळवून आणलेलं माप आहे. एक ग्लास, एक पेग, मोजायला सोपं.

बार्बाडोस बेटावरचं जुनं माप यापेक्षा कडक : आंबट एक वाटा, गोड दोन, रम तीन आणि पाणी-रस चार. दहा वाट्यांत तीन रम. त्या मापानं १५० मिलीच्या ग्लासात दीड पेग येतो. आणि आपल्या घरात १५० मिलीचे ग्लास असतात कुठं? पाण्याचा स्टीलचा ग्लास २५० मिलीचा. त्यात तोच पंच भरला तर अडीच पेग, आणि चार ग्लास म्हणजे दहा पेग! पिणारा सांगणार, ‘चारच घेतले की.’ वरच्या सौम्य मापाचा पंचसुद्धा स्टीलच्या ग्लासात पावणेदोन पेगाला जातो. म्हणून लहान ग्लास आणा, नाहीतर ओगराळ्यात किती मिली मावतं ते आधी पाण्यानं मोजून घ्या. पाहुणे वाढले तर रस वाढवावा. दुसरी बाटली त्याच पातेल्यात ओतली की आधीचं माप मोडलं.

एक स्मॉल पेग अंगातून उतरायला साधारण तासभर लागतो, काहींना त्याहून जास्त. ताक, लिंबू, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांतल्या कशानंही तो वेग वाढत नाही. मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची, आणि तासाभरात घेतलेले दोन ग्लास कित्येकांना तिच्यापलीकडं नेतात. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. गोगटे सर्कलला अडवतील की हायवेला, हा विचार करण्यापेक्षा पाहुण्यांच्या झोपण्याची सोय आधी करावी. अंथरुणं किती आहेत ते मोजून आमंत्रणं द्यावीत, म्हणजे प्रश्नच मिटला.

गोव्याची बाटली

सीमाभागात पार्टी म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, ‘गोव्यातून आणूया की, स्वस्त पडते.’ स्वस्त पडते ती तिथं कर कमी म्हणून. कर्नाटकात तर २०२३ च्या जुलैत देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं अतिरिक्त अबकारी शुल्क २० टक्क्यांनी वाढलं, त्यामुळं हा मोह आणखी वाढला. पण परवान्याशिवाय परराज्यातली दारू आणणं हा अबकारी कायद्याखाली गुन्हा आहे आणि बाटल्यांबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. चोर्ला मार्गावर कणकुंबीला आणि अनमोडला तपासणी नाका आहे, तिकडं आंबोली-इन्सुलीला महाराष्ट्राचे अधिकारी असतात. तीन-चारशे रुपये वाचवायला सात-आठ लाखांची गाडी पणाला लावायची, हा व्यवहार कुठल्या वहीत बसतो?

त्याहून मोठा धोका ‘गोव्याची आहे’ म्हणून ओळखीतून घरपोच येणाऱ्या बाटलीचा. आत काय भरलंय याची खात्री नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. मिथेनॉल चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही, आणि पंचातल्या फळांच्या रसात तर उरलीसुरली शंकाही येत नाही. त्यामुळं परवानाधारक दुकानातली सीलबंद बाटली, आणि बिल. दुसऱ्या दिवशी नजर अंधुक झाली, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर ‘हँगओव्हर असेल’ म्हणून झोपून न राहता थेट दवाखाना गाठावा आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना सांगावं.

निपाणीकरांसाठी आणखी एक गोष्ट. कोगनोळी नाका ओलांडला की नियम बदलतात. कर्नाटकात दारू विकत घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात; महाराष्ट्रात रम-व्हिस्कीसाठी २५, शिवाय पिण्याचा परवाना. कागल-कोल्हापूरहून आलेल्या पाहुण्याला उरलेली अर्धी बाटली ‘घेऊन जा’ म्हणून गाडीत देणं म्हणजे त्याला अडचणीत टाकणं.

दोन पातेली

पार्टीत न पिणारे असतात, गाडी चालवणारे असतात, साखरेच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असलेले असतात आणि मुलं तर असतातच. म्हणून रम घालण्याआधी त्यांचा वाटा दुसऱ्या पातेल्यात काढावा. बिनरमच्या दर लिटर मिश्रणाला २६० मिली रम, या हिशेबानं उरलेल्यात रम घालावी. म्हणजे वाटा काढून ठेवला तरी माप तेच राहतं. दोन्ही पातेल्यांचा रंग सारखाच दिसणार. ओगराळी वेगळी ठेवा, ग्लास वेगळ्या प्रकारचे द्या, आणि रमचं पातेलं ओट्यावर, मुलांचा हात पोचणार नाही असं. बिनरमच्या पातेल्यात थोडा सोडा घातला तर मुलं खूश.

उष्टे ग्लास त्याच रात्री उचलून, रिकामे करून मोरीत टाकावेत. लाल-केशरी सरबत दिसलं की सकाळी लवकर उठलेलं पोर ते तोंडाला लावणारच, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला थोडी दारूही फार होते. रक्तातली साखर उतरून मूल गुंगीत जाऊ शकतं. पातेल्याच्या तळाला राहिलेल्या अननसाच्या फोडींचंही तेच. त्या फोडी रम शोषून घेतात. फ्रीजमध्ये ठेवायच्याच असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात, वर चिठ्ठी लावून, सगळ्यात वरच्या कप्प्यात.